फोनवर मराठी लिहिणं इतकं जड का जातं?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर विद्यापीठं, शाळा, अनुवाद, जुनी हस्तलिखितं या सगळ्यांवर भरपूर चर्चा झाली. आपलं रोजचं लिहिणं मात्र आता वहीत कमी आणि फोनवर जास्त होतं, आणि तिथली परिस्थिती या चर्चेत फारशी आली नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, अक्षर मोत्यासारखं असलेला माणूस 'मी निघालोय, अर्ध्या तासात पोचतो' एवढं वाक्य रोमन लिपीत लिहून पाठवतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "मराठी टायपिंग जमत नाही हो मला."

त्याला जमत नाही हे खरं आहे, पण दोष त्याच्या माथी मारणं चुकीचं आहे. त्याच्या हातात दिलेली वस्तू त्याच्या भाषेचा, त्याच्या बोटांचा आणि त्याला आधीपासून येणाऱ्या गोष्टींचा विचार करून बनवलेली नसते. हा विचार कसा करायचा, हे शोधणारं एक शास्त्र आहे आणि त्यातलं मोलाचं काम आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत झालं आहे. ते समजून घेऊ.

हे शास्त्र नेमकं काय बघतं?

त्याचं नाव 'मानव-संगणक आंतरक्रिया'. नाव बोजड आहे, पण विषय साधा आहे: माणूस यंत्र वापरतो तेव्हा तो कुठे थांबतो, कुठे चुकतो, त्याला काय आठवावं लागतं आणि यंत्राची रचना बदलली तर हा त्रास किती कमी होतो. पडद्यावरची बटणं, आवाज, शब्द, क्रम हे सगळं त्यात येतं.

संगणक घराघरांत यायच्या आधीपासून हे काम चालू आहे. कॅल्क्युलेटरवर सर्वात वर 7-8-9 असतात, फोनवर मात्र 1-2-3, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांना वापरायला दिल्या, लागणारा वेळ आणि होणाऱ्या चुका मोजल्या. 1963 मध्ये बटणांचे फोन तिथल्या ग्राहकांना मिळू लागले ते त्या अभ्यासातून निघालेली मांडणी घेऊन. आज आपण नंबर फिरवतो तो त्याच मांडणीवर.

एटीएमचं उदाहरण तर रोजचं. बऱ्याच यंत्रांत आधी कार्ड परत मिळतं, मग पैसे. क्रम उलटा असला की पैसे हातात पडताच मनाच्या लेखी काम संपतं आणि कार्ड यंत्रातच राहतं. माणसाला 'लक्ष दे' म्हणून सांगण्यापेक्षा क्रम बदलणं जास्त उपयोगी पडतं.

"ही तर वरवरची रंगरंगोटी!"

असं वाटणाऱ्यांनी मतदान यंत्र आठवावं. त्याच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या, म्हणजे 1969 मध्ये सुरू झालेल्या आयडीसीमधल्या, ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांचा हात होता. उमेदवाराच्या नावापुढे चिन्ह, चिन्हाच्या ओळीत निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि लांब 'पीऽऽ' आवाज. वाचता न येणाऱ्या आजीला आपलं मत नोंदलं गेलं हे डोळ्यांनी आणि कानांनी कळतं. ही रचना फसली असती तर लाखो मतं बाद झाली असती किंवा भलतीकडे गेली असती. याला रंगरंगोटी म्हणता येणार नाही.

आता मराठीकडे वळू.

'स्त्री' या शब्दात चिन्हं किती?

कागदावर आपण 'स्त्री' एका झटक्यात लिहितो. संगणक मात्र तो शब्द सहा चिन्हं म्हणून साठवतो: स, पाय मोडायचं चिन्ह, त, पुन्हा पाय मोडायचं चिन्ह, र आणि दीर्घ ईकार. जगभरातल्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. 1991 मध्ये तिची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात जागा आहेत 128. जोडाक्षरांना त्यात स्वतंत्र जागा नाही. ती सुट्या चिन्हांतून जुळवली जातात आणि पडद्यावर एकसंध दिसतात.

साठवायला ही पद्धत सुटसुटीत आहे. पण वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्राच्या पोटातलं चित्र इथे वेगळं होतं, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. 'स्त्री' लिहून खोडायचं बटण एकदा दाबलं की बहुतेक फोनवर नुसता ईकार जातो. पुन्हा दाबलं की र जातो आणि पाय मोडका त उघडा पडतो. आपण एक अक्षर खोडायला गेलो होतो, यंत्राने चिन्ह खोडलं. ऱ्हस्व इकाराचंही तसंच. 'कि' मध्ये तो क च्या आधी दिसतो, पण टाइप करावा लागतो क च्या नंतर. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो, कारण तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

खास मराठीची दुखणी निराळी. 'आचार्य' मधला रफार आणि 'दुसऱ्या' मधला ऱ्य ऐकायला जवळचे वाटले तरी लिहायला वेगळे, आणि हिंदीसाठी बनवलेल्या कीबोर्डवर दुसरा सापडता सापडत नाही. 'ॲ' हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते 2008 मध्ये. त्याआधीची सतरा वर्षं 'ॲ' साठी जुगाड करावे लागत. आणि एसएमएस? रोमन लिपीत एका संदेशात 160 चिन्हं बसतात, देवनागरीत 70. म्हणजे तेवढाच मजकूर मराठीत पाठवणाऱ्याचे दोन-तीन एसएमएस खर्च होतात.

तीन वाटा

फोनवर मराठी लिहिण्याच्या वाटा मुख्यतः तीन.

पहिली 'इनस्क्रिप्ट'. ही मांडणी 1986 मध्ये सरकारी पातळीवर ठरली. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनं. भारतीय लिप्यांसाठी मांडणीचं तत्त्व एकच, त्यामुळे मराठी शिकलेल्याला कानडी किंवा बंगाली टाइप करणंही सोपं जातं. टेबलावरच्या कीबोर्डसाठी ही अतिशय विचारपूर्वक केलेली रचना आहे, कारण व्यंजन एका हाताने आणि मात्रा दुसऱ्या हाताने, असा लयबद्ध खेळ होतो. मात्र फोन एका अंगठ्याने चालतो. तिथे ती लय उरत नाही, आणि ख, घ, छ यांसाठी शिफ्ट दाबायचा त्रास शिल्लक राहतो.

दुसरी वाट रोमनची: इंग्रजी अक्षरं दाबायची आणि यंत्राने त्यांचं मराठी करायचं. इंग्रजी कीबोर्ड ओळखीचा असलेल्याला ही लगेच जमते, म्हणून ती सर्वत्र पसरली. पण तिथे लिहिणारा लिहीत नसतो, यंत्राच्या अंदाजांतून निवडत असतो. एम-ए-एल-ए दाबलं तर मला, माला, माळा आणि मळा यांपैकी तुम्हाला काय हवंय? ट आणि त दोन्हींना टी, ड आणि द दोन्हींना डी, ल आणि ळ दोन्हींना एल. नेहमीच्या शब्दांत अंदाज बरोबर येतो. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द यांत तो घसरतो. सरकारी कागदावर असा अंदाज कोणी न तपासता ठेवला की वणीचं वाणी होतं, आणि मग त्या एका अक्षरासाठी माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो.

या वाटेत आणखी एक गोष्ट मला फार खटकते. मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग यावं लागतं. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला स्वतःच्या भाषेचं दार परक्या किल्लीने उघडायला सांगितलं जातं.

तिसरी वाट वर्णमालेची. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ हा क्रम शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. तो नुसता क्रम नाही, आवाज तोंडात कुठे उमटतो त्याचा तो नकाशा आहे: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. तुमच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे आणि हळद कुठे हे तुम्हाला न बघता कळतं, कारण तो तुम्ही लावलेला आहे. दुसऱ्याने लावलेल्या डब्यात मात्र चमचा हातात धरून शोधत बसावं लागतं. वर्णमाला हा आपण सर्वांनी लहानपणीच लावलेला डबा. मग कीबोर्ड त्याच क्रमाने का नसावा?

पवईतलं स्वरचक्र

हा प्रश्न अनिरुद्ध जोशी यांनी धरून ठेवला. ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत प्राध्यापक आहेत आणि याच शास्त्रातले संशोधक. त्यांच्या गटाने आधी 'कीलेख' नावाचा, वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कीबोर्ड बनवला. 2004 मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध या क्षेत्रातल्या जागतिक परिषदेत मांडला गेला. पुढे टचस्क्रीन फोन आले आणि 2013 मध्ये याच गटाने 'स्वरचक्र' हे अँड्रॉइड फोनसाठीचं मोफत ॲप काढलं, मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी.

त्यात व्यंजनं वर्गवारीने मांडलेली असतात. 'क' वर बोट ठेवलं की बोटाभोवती एक चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ दिसतात. हव्या त्या बाजूला बोट सरकवून सोडायचं. बोट न सरकवता सोडलं तर नुसता 'क'. चक्रात पाय मोडायचीही जागा आहे, आणि तिथे गेलात की 'क्' ला जोडून होणारी जोडाक्षरं व्यंजनांच्या बटणांवरच दिसू लागतात. कुठलं बटण दाबलं की काय उमटेल हे दाबायच्या आधीच समोर असतं, त्यामुळे जोडाक्षर कसं जुळतं याचं व्याकरण पाठ करावं लागत नाही.

यामागे निव्वळ कल्पकता नाही, हिशेबही आहे. 1954 मध्ये पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते किती दूर आहे आणि किती मोठं आहे. दूर आणि लहान असेल तर वेळ जास्त, जवळ आणि मोठं असेल तर कमी. अंतरही दुप्पट आणि आकारही दुप्पट केला तर वेळ साधारण तेवढाच राहतो. आता फोनच्या चिमुकल्या पडद्यावर मराठीची सगळी व्यंजनं, स्वर, मात्रा आणि वर अनुस्वार-विसर्ग एकदम मांडायला जा. बटणं इतकी बारीक होतील की अंगठ्याखाली तीन-तीन येतील. मात्रा दुसऱ्या पानावर ढकलल्या तर प्रत्येक अक्षरामागे पान उलटावं लागेल. स्वरचक्रात मात्रांना कायमची जागाच लागत नाही. गरज पडते तेव्हाच त्या येतात, आणि बोटाला अगदी लागून येतात. 1988 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी गोल मेनू आणि उभी यादी यांची तुलना केली होती, त्यातही गोल मेनू जलद ठरला होता, कारण गोलातल्या सगळ्या जागा मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात.

मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते ती दिशेची. वेलांटी चक्रात ज्या बाजूला असते, ती प्रत्येक व्यंजनासाठी त्याच बाजूला असते. कि, गि, मि, शि, सगळ्यांना बोटाची हालचाल एकच. बाराखडी एकदा हातात बसली की सगळ्या व्यंजनांना लागू पडते, जशी ती शाळेत लागू पडली होती.

बरोबर आहे हे ठरवायचं कसं?

बनवणाऱ्याला स्वतःची रचना सोपीच वाटते, म्हणून त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. या शास्त्रात रचना अनोळखी माणसांच्या हातात द्यायची आणि गप्प बसून बघायचं असा नियम आहे. वापरताना मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगतात. "आता हे कुठं गेलं?" असं कोणी म्हणालं की ती नोंद होते. मदत करायचा मोह आवरावा लागतो, कारण घरी गेल्यावर त्या माणसाशेजारी संशोधक नसणार.

मग मोजमाप. पहिल्यांदा हातात घेतल्यावर किती जमतं हे एक, आणि तीच माणसं अनेक बैठकांत पुन्हापुन्हा टाइप करत गेली की वेग किती वाढतो, चुका किती घटतात हे दुसरं. या दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा उलटी येतात. काही रचना पहिल्या दिवशी सोप्या पण पुढे वेग न वाढणाऱ्या असतात, काही सुरुवातीला छळतात आणि महिन्याने वाऱ्यासारख्या पळतात. कुणासाठी बनवतोय हे ठरल्याशिवाय 'चांगला कीबोर्ड कोणता' याला उत्तर नाही. दिवसभर अर्ज टाइप करणारा ऑपरेटर आणि महिन्यातून दोनदा नातवाला संदेश पाठवणारे आजोबा, दोघांची गरज एक नव्हे.

कीबोर्डच्या पलीकडे

ज्यांना लिहिता-वाचताच येत नाही त्यांचं काय? जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'रांगोळी' नावाची फोनमधली नंबरवही मांडली. तिच्यात माणसं नावाच्या अक्षरांऐवजी रंग आणि चित्र यांच्या जोडीने ओळखायची. नावांची यादी वाचून शोधणं हेच ज्याला शक्य नाही, त्याला यादी मोठ्या अक्षरात देऊन काय उपयोग?

'तमा' हे त्यांचं दुसरं काम मला त्याहून मोठं वाटतं. एचआयव्हीवरच्या गोळ्या रोज, ठरलेल्या वेळी आणि जन्मभर घ्याव्या लागतात. खंड पडला तर औषध निकामी होऊ शकतं. 'तमा' म्हणजे रुग्णाच्या साध्या फोनवर येणारा यंत्राचा फोन: तो आठवण करतो, सल्ला देतो, बटण दाबून उत्तर घेतो. भारतातल्या 5 दवाखान्यांतल्या 54 रुग्णांनी ही व्यवस्था 12 आठवडे वापरली, आणि औषध वेळेवर घेण्यावर तिचे बरेच चांगले परिणाम संशोधकांना दिसले. 2014 मध्ये त्यावरचा निबंध आला. यात तंत्रज्ञान नवं नव्हतं, बँकेला फोन लावल्यावर 'मराठीसाठी एक दाबा' म्हणणारंच ते तंत्र. खरा विचार करावा लागतो तो घराचा. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर? आजाराचं नाव उच्चारलं गेलं तर? गोळी चुकली असेल तर आवाज रागवणारा असावा की धीर देणारा? अशा प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेत बसून सापडत नाहीत, त्यासाठी माणसांच्या घरात आणि दवाखान्यात जावं लागतं.

"आता बोललं की टाइप होतं, मग हे सगळं कशाला?"

गूगलने 2017 मध्ये मराठीतून बोलून टाइप करायची सोय दिली आणि तिचा उपयोग मोठा आहे, विशेषतः ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना. पण लोकलच्या डब्यात, दवाखान्याच्या रांगेत, सासरच्या घरात सगळंच मोठ्याने बोलता येत नाही. पासवर्ड, पगार, आजारपण, भांडण हे माणूस मूकपणे लिहितो. शिवाय प्रमाण मराठीत सावकाश बोलणाऱ्याचं यंत्राला जितकं नीट कळतं, तितकं अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्याचं कळत नाही. आणि ऐकण्यात चूक झालीच, तर ती दुरुस्त करायला पुन्हा कीबोर्डच लागतो. पुढचा शब्द सुचवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचंही तेच: सुचवलेला शब्द बरा, पण जो शब्द तिने पाहिलेलाच नाही तो तुम्हाला स्वतः लिहिता आला पाहिजे. नाहीतर हळूहळू आपण यंत्राला ठाऊक असलेलंच मराठी लिहू लागू.

मग सगळे वर्णमालेचा कीबोर्ड का वापरत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे. पहिलं कारण असं की फोन हातात येतो तेव्हा त्यात जो कीबोर्ड असतो, तोच बहुतेकजण जन्मभर वापरतात. दुसरं, ज्याने इंग्रजी कीबोर्ड एकदा हातात बसवला त्याला नवीन मांडणी शिकताना काही दिवस आधीपेक्षा हळू लिहावं लागतं, आणि घाईच्या दिवसात ही किंमत कोणी मोजत नाही. तिसरं, कचेरीतल्या कामात मराठी-इंग्रजी सरमिसळ असते आणि दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलणं नकोसं होतं. चांगली रचना असणं आणि ती लोकांपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी धोरण लागतं. केंद्र सरकारने 2016 मध्ये फोनमध्ये हिंदी, इंग्रजी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत टाइप करण्याची सोय हवी अशी अधिसूचना काढली, ती याच दिशेची. सोय कशा प्रतीची असावी हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

तोवर घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा आणि कीबोर्ड या भागात मराठीसाठी बहुधा एकापेक्षा जास्त मांडण्या असतात. ज्यांना इंग्रजीची सवय नाही त्यांना वर्णमालेची मांडणी लावून द्या. ज्यांचं हस्ताक्षर पक्कं आहे पण बटणं शोधताना जे दमतात, त्यांच्यासाठी गूगलच्या कीबोर्डात पडद्यावर बोटाने देवनागरी गिरवायची सोय आहे. यंत्र ते अक्षर ओळखतं. रोमनमधून लिहिणाऱ्यांनी निदान नावं आणि पत्ते पाठवण्याआधी वाचून बघावेत. आणि मराठी वर्णमालेची मांडणी स्वतः वापरून बघायची असेल तर दोन दिवसांत निकाल देऊ नका, दोन-तीन आठवडे रोजचे छोटे संदेश तिच्यावर लिहा. पहिल्या आठवड्यात वेग कमीच असेल. ळ, ण आणि 'दुसऱ्या' मधला ऱ्य न अडखळता येऊ लागले की मग तुलना करा.